छाट

बॅरेंट्स समुद्राकाठच्या एका खाडीतला गाळ
सोलापुरात उतरला तेव्हा पारा चव्वेचाळीसवर होता.
एकशे बारा पिशव्या, प्रत्येकीत एक सेंटिमीटर तळ,
आणि खोक्यावर लाल अक्षरांत: चार अंशांवर ठेवा.
कुरियरवाल्याने विचारलं, मासे आहेत का मॅडम?
म्हटलं, होते कधीतरी.

विद्यापीठातला फ्रिज तिसऱ्या दिवशी बसला.
सुट्टी, कुलूप, गावी गेलेला शिपाई.
खोकं स्कूटीवर पायांपाशी घेऊन
मी अक्कलकोट रोडने घरी आले
आणि अम्माचं इन्सुलिन सोडून
आमच्या फ्रिजमधलं सगळं बाहेर काढलं.

अम्माने एक पिशवी उघडली, वास घेतला.
"कंबर तलावाला पण उन्हाळ्यात असाच येतो."
मी वहीत नोंदवलं: नमुना सत्तावीस, गंधकाचा वास.
कुणी ओळखला ते लिहायला रकाना नव्हता.

काम अवघड नाही, फक्त सरत नाही.
गाळ बारीक चाळणीतून धुवायचा
(नळाला पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री दोनला,
म्हणजे उत्तरेच्या समुद्राचं वेळापत्रक
आमच्या महापालिकेकडे),
वाळवायचा, काळ्या ताटलीत पसरायचा,
आणि सूक्ष्मदर्शकाखाली, दोन-तीन केसांच्या ब्रशने
एकेक कवच उचलायचं.
खसखशीहून लहान. आत राहणारा केव्हाच गेलेला.
प्रत्येक पिशवीतली तीनशे.
थंडी मानवणारी डावीकडे,
गरम प्रवाहाबरोबर आलेली उजवीकडे,
फुटकी बाजूला.

"म्हणजे छाट," अम्मा म्हणाली.

बत्तीस वर्षं तिने रोज हजार बिड्या वळल्या.
पंचवीसचा कट्टा, असे चाळीस,
आणि तपासायला बसलेला नरसय्या
मूठभर बाजूला सारायचा:
छाट. पैसे नाहीत. बिड्याही परत नाहीत.
"फेकत नव्हता तो, विकायचा," ती म्हणाली.
"तुझ्या छाटीचं काय होतं?"

काहीच होत नव्हतं. म्हणून मोजली.
खालच्या पिशव्यांत अकरा, नऊ, चौदा.
मग बराच काळ तसंच, कंटाळा येईल इतकं तसंच.
विसाव्या पिशवीपासून वर चाळीस. त्रेसष्ट.
दुसरीत एकशे सात.
मी चष्मा पुसला आणि दुसरी परत मोजली.
एकशे नऊ.

सिग्रुनला कळवलं, गाळ तिनेच काढला होता.
तिने लिहिलं, तूर्त "इतर" मध्ये टाक.
खाली, विषय सोडून:
जिथून बोट सोडली तिथली कोळ्यांची शेड
या वर्षी पुन्हा मागे सरकवली,
किनाऱ्याखालचं गोठलेलं सुटत चाललंय.

त्याच दुपारी वीज गेली. सहा तास.
खोक्याभोवती बर्फाच्या कारखान्यातली अर्धी लादी,
वर ओली चादर, मागावरच नक्षी चुकलेली,
म्हणून मामाने फुकट दिलेली.
अम्मा तिच्यावर हात ठेवून बसली,
तापाच्या पोराशेजारी बसतात तशी,
फक्त इथे गार लागलं की तिला बरं वाटायचं.

रात्री दिवे आले. ती म्हणाली, दाखव तरी.
एक डोळा मिटून किती वेळ बघत राहिली.
मी ब्रशच्या टोकाने फुटकं कवच फिरवलं,
या बाजूने, त्या बाजूने.

"हे फुटलेलं नाही," ती म्हणाली.
"फुटलं की कड धारदार राहते.
हे झिजलंय. चुना चाटून नेलाय कुणीतरी."

मी रकान्याचं नाव खोडलं,
मधोमध रेघ मारली, दोन रकाने केले,
आणि बाजूला ठेवलेल्या सगळ्या डब्या
पुन्हा उघडायला घेतल्या.
अम्माने स्टूल जवळ ओढलं.
"हजार असतील," म्हणाली, "तर सकाळपर्यंत होतील."